टाकी संपत आली की गॅसचा वास येतो? वाट शोधा

दर महिन्याला तीच गोष्ट. नवी टाकी लावली की तीन-साडेतीन आठवडे काही नाही. मग एका सकाळी ओट्याखालचं दार उघडावं, तर सडक्या कोबीसारखा उग्र भपकारा. रेग्युलेटर बंद करून खिडकी उघडली की थोड्या वेळात जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. चार-पाच दिवसांनी टाकी संपते, दुसरी लागते आणि वास गायब. घरातलं कोणीतरी म्हणतं, "संपत आली की येतोच वास, त्यात काय एवढं."

हे वाक्य मी किती घरांत ऐकलं त्याची गणती नाही. माझ्या आईच्या घरीही ऐकलं. मी बरीच वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे आमच्या सोसायटीत कुणाच्या स्वयंपाकघरात वास आला की मला हाक येते. त्या वाक्याचा अर्धा भाग खरा आहे. टाकीच्या शेवटी वास खरोखर तीव्र होतो आणि त्याला पक्कं कारण आहे. पण वास तीव्र झाला तरी बाहेर यायला त्याला वाट लागते. ती वाट महिनाभर उघडीच असते. शेवटच्या चार दिवसांत ती आपल्या नाकाला कळते, एवढंच. म्हणून "टाकी बदलली, वास गेला" याला दुरुस्ती समजू नका.

आत्ता वास येत असेल तर

पुढचं वाचणं बाजूला ठेवा. शेगडी बंद करा, रेग्युलेटर बंद करा, देवापुढचा दिवा किंवा उदबत्ती पेटती असेल तर विझवा. दारं-खिडक्या सताड उघडा. विजेचं कुठलंही बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. दिवा लागला असेल तर लागलेला राहू द्या. पंखा किंवा एक्झॉस्ट लावायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण ठिणगी बटणातच उडते. माणसांना बाहेर काढा आणि फोन बाहेर जाऊन करा. १९०६ हा गॅसगळतीसाठीचा चोवीस तासांचा क्रमांक आहे. तो फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा. रेग्युलेटर बंद करूनही सूं-सूं आवाज येत असेल तर रेग्युलेटर काढून टाकीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली प्लास्टिकची टोपी तोंडावर दाबून घट्ट बसवा आणि जमत असेल तर टाकी उघड्यावर नेऊन ठेवा. टाकीला बांधलेली ती टोपी बरेच जण कापून फेकून देतात. कृपा करून फेकू नका.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, प्रोपेन साधारण दीडपट आणि ब्युटेन दुप्पट. तो जमिनीलगत साचतो, मोरीकडे आणि ओट्याच्या कपाटात उतरतो. म्हणून वरचा झरोका उघडून भागत नाही, खालून वारा जायला दार उघडावं लागतं. हवेत तो साधारण १.८ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान असला की पेट घेऊ शकतो.

हा वास मुळात कुणाचा?

प्रोपेन आणि ब्युटेन यांना नाकाला जाणवेल असा वास जवळजवळ नसतोच. आपण "गॅसचा वास" म्हणतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा असतो. पाठ्यपुस्तकात त्याला इथेनथायॉल म्हणतात. आपल्या ओळखीच्या अल्कोहोलमध्ये, म्हणजे इथेनॉलमध्ये, ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवलं की हा पदार्थ तयार होतो. तेवढ्या एका अदलाबदलीने सगळा स्वभाव पालटतो. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, हा ३५ अंशालाच उकळतो. जळगावात मे महिन्याच्या दुपारी याची बाटली उघडी ठेवली तर ती खोलीतच उकळायला लागेल. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम क्रिस्टोफर झाइस यांनी १८३४ मध्ये या वर्गातल्या पदार्थांचं वर्णन केलं आणि ते पाऱ्याला घट्ट धरून ठेवतात म्हणून "पारा पकडणारा" अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून मर्कॅप्टन हे नाव दिलं.

आपलं नाक या पदार्थाच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे. हवेच्या एक अब्ज भागांत याचा एखादा भाग असला तरी माणसाला कळतो. त्यामुळे घालावा लागतो तोही नखभर. अमेरिकेत द्रवरूप प्रोपेनसाठी जे प्रमाण रूढ आहे ते हजार लिटरला साधारण १२ ग्रॅम असं पडतं. त्या हिशेबाने आपल्या १४.२ किलोच्या टाकीत अर्धा ग्रॅमसुद्धा भरणार नाही. तेवढ्यावर घर जागं होतं.

वास मिसळायची सक्ती का आली, ते विसरू नये असं आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन गावच्या शाळेत तळघरासारख्या पोकळीत नैसर्गिक वायू साचला होता. त्याला वास नव्हता, म्हणून कुणालाही कळलं नाही. कार्यशाळेतल्या यंत्राच्या बटणाची ठिणगी पडली आणि शाळा उडाली. तीनशेच्या आसपास जीव गेले, त्यात बहुतेक मुलं. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळणं कायद्याने बंधनकारक केलं आणि ती पद्धत पुढे जगभर गेली. ओट्याखालून येणाऱ्या भपकाऱ्यावर कुणी वैतागलं की मला ती शाळा आठवते.

शेवटीच तीव्र का होतो?

बासुंदी आटवताना काय होतं ते पाहा. पाणी उडून जातं, साखर मागे राहते आणि तळाशी गोडी वाढत जाते. टाकीत तसंच चालतं. आत गॅस द्रवरूपात असतो आणि शेगडी पेटवली की वरून वाफ निघते. प्रोपेनचा उत्कलनांक उणे ४२ अंश, ब्युटेनचा उणे अर्धा अंश आणि मर्कॅप्टनचा ३५ अंश. हलके ते आधी उडतात, मर्कॅप्टन मागे रेंगाळतं. अर्धी टाकी वापरून झाली तरी त्याचा मोठा वाटा तळातल्या द्रवातच असतो. शेवटचा किलो-दोन किलो गॅस उरतो तेव्हा निघणाऱ्या वाफेत त्याचं प्रमाण सुरुवातीच्या मानाने बरंच वाढलेलं असतं.

म्हणजे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जी बारीक गळती नाकाला कळत नव्हती, तीच आता कळते. गळती मात्र तेवढीच असते. उलट, सुरुवातीचे तीन आठवडे तीच गळती कमी वासाने चालू होती, हे जास्त काळजीचं.

यावर कुणी म्हणेल, वास जळालेल्या गॅसचा असेल. नाही. मर्कॅप्टन ज्योतीत जळून जातं, त्यातल्या गंधकाचा अगदी थोडा सल्फर डायऑक्साइड होतो आणि तो या वासाचा नसतो. कुजका वास आला म्हणजे न जळलेला गॅस नाकापर्यंत पोचला, असंच समजा.

वासाची वेळ पाहा, जागा सापडते

साबणाचं पाणी हातात घेण्याआधी दोन-चार दिवसांची आठवण करा. वास केव्हा येतो यावरूनच निम्मं निदान होतं.

एखादी टाकी लावल्या दिवसापासून वास देते आणि पुढची टाकी लावली की काहीच नाही, तर दोष त्या टाकीत होता. बहुतेक वेळा तिच्या तोंडात बसवलेली ओ-रिंग, म्हणजे ती काळी रबरी कडी, चिरलेली किंवा गायब असते. हा वास रेग्युलेटर चालू केल्यावरच येतो. यावर उपाय टाकी घेतानाच करायचा. सील डोळ्यांदेखत काढायला लावा, आत कडी दिसते का बघा, तोंडावर पाणी किंवा साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहा. तपासून देणं हे आणून देणाऱ्याचं कामच आहे, त्याला घाई असली तरी आपण संकोचायचं कारण नाही. कडी घरी बदलू नका.

रेग्युलेटर बंद असताना किंवा काढून ठेवल्यावरही वास येतो, तर टाकीच्या तोंडातली पिन नीट बसत नाही किंवा सांध्यातून गळतं आहे. टोपी लावायची, टाकी बाहेर ठेवायची आणि फोन करायचा. इथे घरच्या माणसाने करायचं दुसरं काही नाही.

आणि प्रत्येक टाकीच्या शेवटी, न चुकता वास येत असेल, टाकी कुठलीही असो, तर टाकीला दोष देणं थांबवा. टाक्या बदलत राहतात. न बदलणाऱ्या वस्तू तीनच: रेग्युलेटर, नळी आणि शेगडी. या लेखाच्या सुरुवातीला सांगितलेली तक्रार नेमकी हीच आहे.

फक्त पेटवताना क्षणभर वास येतो आणि जातो, तर बहुधा लायटर उशिरा लागतो आहे. आधी ठिणगी, मग नॉब अशी सवय लावली की जातो. शेवटच्या दिवसांत दाब उतरतो, तेव्हा सिमवर ठेवलेली ज्योत पंख्याच्या वाऱ्याने विझते आणि दूध तसंच ओट्यावर राहतं. तोही वास खराच आणि धोक्याचाच.

साबणाचं पाणी

अर्धी वाटी पाण्यात भांड्यांचा साबण चांगला फेसून घ्या. जुना दाढीचा ब्रश असेल तर उत्तम, नाहीतर स्पंज. खिडक्या उघड्या, आजूबाजूला कुठेही आग नाही. शेगडीचे सगळे नॉब बंद आणि रेग्युलेटर चालू, म्हणजे नळीत गॅसचा दाब राहतो. मग टाकीकडून शेगडीकडे एकेक सांधा फेसाने माखत जा आणि प्रत्येक ठिकाणी मिनिटभर नजर ठेवा. बारीक गळतीला मोठा फुगा येत नाही, मोहरीएवढे बुडबुडे एकाच जागी पुन्हा पुन्हा उगवतात. काडी पेटवून गळती शोधणारी माणसं अजून आहेत. तसं कधीही करू नका आणि कुणाला करू देऊ नका.

रेग्युलेटरवर एक बारीक छिद्र असतं, ते आतल्या रबरी पडद्याला श्वास घेण्यासाठी. त्या छिद्रातून बुडबुडे आले तर पडदा फाटला आहे. त्यावर टेप किंवा एमसील लावणं फार धोक्याचं: टाकीतला मोठा दाब उतरवून शेगडीला सोसेल इतका करण्याचं काम हाच पडदा करतो. रेग्युलेटर बदलून घ्यायचा, दुसरा इलाज नाही.

नळीबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण आईच्या घरी दोष तिथेच निघाला. तिच्या घरी नळी नारिंगी, तारेच्या जाळीची, म्हणजे सुरक्षा नळीच होती. त्यामुळे सगळे निर्धास्त. मी रेग्युलेटरकडच्या टोकाला साबण लावला, काही नाही. मधल्या भागाला लावला, काही नाही. शेगडीकडच्या टोकाला क्लिपच्या अलीकडे फेस लावला आणि एका रेषेत बुडबुडे उठायला लागले. कुकर नेहमी त्याच बाजूच्या बर्नरवर चढायचा. वर्षानुवर्षं त्याची धग लागून तिथलं रबर कडक झालं होतं आणि वाकवल्यावर केसाएवढी चीर दिसत होती. नळीवर छापलेली तारीख पुसून वाचली, तर आठ वर्षं होऊन गेली होती. या नळीचं आयुष्य पाच वर्षं धरतात. दिसायला ती धडधाकट होती.

तेव्हा नळीवरची तारीख आज वाचा. नळी शेगडीच्या मागून किंवा खालून गरम भागाला लागून जाऊ देऊ नका. दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको. तिच्यावर कापड किंवा प्लास्टिकचं आवरण चढवू नका, आवरणाखाली चीर दिसत नाही आणि उंदीरही तिथेच कुरतडतो. टोकं नोझलवर पूर्ण आत सरकवलेली आणि क्लिप आवळलेली हवी.

शेगडीत गळती असेल तर ती बहुतेक नॉबच्या आतल्या कॉकमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या-अडवणाऱ्या तोटीत असते. तिथलं ग्रीस उष्णतेने सुकतं, नॉब जड फिरायला लागतो आणि सांध्यातून गॅस झिरपतो. नॉब ओढून काढला की मागच्या दांड्याला फेस लावता येतो. बुडबुडे दिसले तर जाणत्या मेकॅनिकला बोलवा. खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल सोडून नॉब हलका करण्याचा उद्योग नको.

कांदा की गॅस?

आपल्याकडे ही गल्लत हमखास होते, कारण कांदे-बटाट्यांची टोपली टाकीच्या शेजारीच, ओट्याखाली. सडणाऱ्या कांद्यातून निघणारे वायूही गंधकाचे सेंद्रिय पदार्थच, मर्कॅप्टनचे भाऊबंद. नाकाला फरक करणं अवघड जातं. मला कांदा सडून उगाच धावपळ झाल्याची चिंता नाही. चिंता आहे ती उलट गोष्टीची: खरी गळती असताना "कांदा सडला असेल" म्हणून दार लावून घेतल्याची. टोपली तिथून हलवा, कायमची. मग ओट्याखालचा वास हा एकाच गोष्टीचा राहील. मोरीतून येणारा वास सडक्या अंड्यासारखा असतो आणि जाळीवर पाणी ओतलं की बहुधा कमी होतो.

या वासाची एक गोष्ट विद्यार्थ्यांना फार आवडायची. अमेरिकेतलं टर्की गिधाड मेलेलं जनावर वासावरून शोधतं, आणि कुजणाऱ्या मांसातून इथाइल मर्कॅप्टन निघतं. कॅलिफोर्नियात गॅसच्या लांब वाहिनीला गळती लागली की त्या जागेवर ही गिधाडं घिरट्या घालत आणि कामगारांना जागा सापडे. आपल्याकडची गिधाडं मात्र नजरेवर जगतात, वासावर नाही.

वास न येणं हा जास्त मोठा बिघाड

नाक थकतं. त्याच वासात दहा-पंधरा मिनिटं बसलेल्या माणसाला तो जाणवेनासा होतो, आणि बाहेरून आलेला माणूस उंबरठ्यावरच थबकतो. त्याचं ऐका. सर्दीत, म्हातारपणी, आणि कोविडनंतर कित्येकांना वास कमी येतो. माझ्या आईला फोडणी करपल्याचंही कळत नाही. तिच्या घरचा वास पकडला तो भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी, आणि दोन महिने त्या सांगत असताना घरात कुणी मनावर घेतलं नव्हतं.

शिवाय वास स्वतःही हरवतो. पोलादाच्या आत गंज असेल तर मर्कॅप्टनचं हळूहळू दुसऱ्या, कमी वासाच्या पदार्थात रूपांतर होतं. जमिनीतून झिरपत आलेल्या गॅसचा वास माती शोषून घेते. म्हणून नाकावर सगळा भार टाकू नये; घरात वयस्कर माणूस एकटं राहत असेल तर गॅस अलार्म लावाच. टाकी असेल तर तो जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर हवा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, तिथे अलार्म छताजवळ लावतात. पुष्कळ ठिकाणी विकणारा माणूस विचारत नाही आणि सोयीच्या उंचीवर लावून जातो.

शेवटचा थेंब काढायची सवय

हिवाळ्यात ब्युटेनची वाफ कमी होते, ज्योत मंदावते आणि मग टाकी आडवी करणं, हलवणं, गरम पाण्याच्या घमेल्यात उभी करणं सुरू होतं. टाकी आडवी केली की वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर गॅस होतो. ज्योत अचानक हातभर उसळते, नळीचं रबर बिघडतं आणि मर्कॅप्टनने दाट झालेला तोच द्रव सांध्यांत जाऊन बसतो. त्या घरांत पुढचे कित्येक दिवस वास का रेंगाळतो, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. टाकी उभीच ठेवा. तळाशी उरलेल्या पावशेर गॅससाठी एवढं करू नये.

टाकी घेताना आणखी एक पाहा. वरच्या कड्याला जोडणाऱ्या उभ्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत. उलटून गेली असेल तर टाकी परत करा.

प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात शुद्ध मर्कॅप्टन हाताळणाऱ्यांसाठी

इथे धोका वासापलीकडचा आहे. उणे ४८ अंशालाही याची वाफ पेट घेऊ शकते. वाफ हवेच्या दुप्पट जड, ती टेबलावरून उतरून लांबच्या ज्योतीपर्यंत जाते. हवेत जास्त झालं तर डोकेदुखी, मळमळ, आणि खूप जास्त झालं तर शुद्ध हरपते. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संस्थांनी सुचवलेली मर्यादा दहा लाख भागांत अर्धा भाग आहे. बाटली थंड करूनच उघडायची, फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच काम करायचं. वापरलेली काचेची भांडी सोडियम हायपोक्लोराइटच्या, म्हणजे ब्लीचच्या, पातळ द्रावणात बुडवली की वास मरतो. पण दाट ब्लीच शुद्ध मर्कॅप्टनवर ओतू नका, उष्णता झपाट्याने वाढते. नायट्रिक आम्लापासून दूर. आणि ब्लीचच्या द्रावणात आम्ल तर अजिबात नको, क्लोरीन सुटतो. कचरा बेसिनमध्ये ओतला तर अख्ख्या इमारतीला गॅसगळतीचा भास होतो.

या पदार्थाचे उपयोग याच वासाभोवती फिरतात. काही देशांत खोल खाणींमध्ये आग लागली की हवा खेळवणाऱ्या वाहिनीत तो सोडतात. आवाज पोचत नाही तिथे वास पोचतो आणि कामगार बाहेर निघतात. कीटकनाशकांच्या उद्योगातही तो कच्चा माल आहे. उसाच्या शेतात "थिमेट" नावाने ओळखलं जाणारं फोरेट त्यापासूनच तयार होई. भारतात २०२० अखेर त्यावर बंदी आली.

आईकडे नळी त्याच दिवशी बदलली, कॉकला ग्रीस करून घेतलं, अलार्म फरशीपासून फूटभर उंचीवर बसवला. त्यानंतर तीन टाक्या संपल्या. तिन्ही वेळा चहा उकळता उकळता ज्योत बारीक होत गेली आणि विझली, मावशींनी ओट्याखाली वाकून पाहिलं, वास नव्हता. नव्या नळीवरची तारीख त्यांनी कपाटाच्या दारावर आतून पेनाने लिहून ठेवली आहे.